एल्स्पेथची बॅग कोण उचलणार

नाही, नाही, ती खाली ठेवा — हं, अलगद — ती तुमची नव्हे. निळा रंग बघून हात गेला ना? सगळ्यांचा जातो. रंग बघून बॅग घेणारी माणसं मी आयुष्यभर बघत आलोय, आणि महिन्याभरात तीच माणसं खांदा चोळत परत येतात — मुंगो, पट्टा रुततो, मुंगो, आत पाणी गेलं, मुंगो, वाऱ्यानं बॅग आडवी झाली. होणारच की! मी आधी विचारलं होतं ना, बाबा, तू खेळतोस कसा? गोल्फच्या बॅगेचा हा एकच प्रश्न आहे, बाकी सगळी शोभा. तर तुम्हालाही तोच विचारतो — खेळता कसं? थांबा, लगेच सांगू नका. लोक लगेच सांगतात आणि लगेच सांगतात ते खोटं असतं. मनात धरा. बसा त्या खोक्यावर, बूट आहेत आत, मोडायचं नाही. घाई नाही ना? नाही. छान. या गावात सगळ्यांना घाई. समुद्र, गोल्फचं मैदान आणि एक चर्च — एवढंच गाव, आणि माणसं धावतायत. कुठे जायचंय, विचारा त्यांना!

आता पहिली गोष्ट — हा रणगाडा बघा. टीव्हीवर मोठे खेळाडू दिसतात ना, त्यांच्यामागून धापा टाकत एक माणूस जे उचलत असतो ते हे. यात काठ्या राहतात, छत्री राहते, चार स्वेटर राहतात, एखादं लहान पोर झोपवलं तरी कळणार नाही. आमच्या गावच्या दातांच्या डॉक्टरनं, ड्रायबरोनं, घेतली ही. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही चालत खेळता, तुमची बॅग तुम्हीच उचलता, ही घेऊ नका. नाही, म्हणे, मुंगो, मला तीच हवी. गेले. अठरातल्या तिसऱ्या होलपर्यंत पोचले आणि तिथून टॅक्सी बोलावली. बॅग टॅक्सीतून घरी आली, डॉक्टर चालत आले — दोघं मावत नव्हते. आता घरात दारामागे उभी आहे, पाहुण्यांच्या छत्र्या ठेवतात तिच्यात. आणि ही दुसरी, ही गाडीवरची — ढकलगाडी म्हणा, बॅटरीची गाडी म्हणा, तिच्यावर बांधायची. सगळे खिसे पुढच्या बाजूला, बूड सपाट, आत चौदा कप्पे, चौदा काठ्यांना चौदा. नीटनेटक्या माणसांची बॅग. ही मी दाखवतो, पण विकत नाही. म्हणजे विकतो, कोणी मागितलीच तर विकतो, पण मनापासून नाही. का ते विचारू नका. नाही विचारत? बरं.

खरी मेख कुठे आहे सांगू? वाईट फटका बसल्यावर माणूस काय करतो, त्यावर बॅग ठरते. चांगल्या फटक्यानंतर सगळे सारखेच — छाती पुढे, आणि कोणी बघितलं का म्हणून मागे नजर. पण चेंडू झुडपात गेला की माणूस उघडा पडतो. जो काठी फेकतो, त्याला रुंद तोंडाची बॅग द्यावी, रागात काठी परत आत खुपसताना हात कापत असतात. जो गवतात वाकून वाकून तासभर चेंडू शोधतो त्याला खिसे कमी, कारण तो नवीन चेंडू घेतच नाही. आमचे पाद्रीबुवा, मकॉर्कडेल, ते खातात. वाईट फटका बसला की शब्द नाही — मटणाचं पॅटिस काढायचं आणि खायचं. त्यांना मी गार कप्प्याची बॅग दिली, बाटल्यांसाठी असतो तो कप्पा, त्यात त्यांची चार पॅटिस बसतात. खेळ सुधारला नाही, पण माणूस सुखी आहे. आणि ही बारकी, ही रविवारची बॅग — अर्ध्याच काठ्या मावतात, खांद्याला लटकवली की विसरून जाल. पूर्वी रविवारी इथे खेळायला बंदी, देवाचा दिवस. माझे आजोबा काय करायचे माहिताय? काठी उलटी धरून, तिचं डोकं हातात नि मूठ जमिनीवर, फिरायला निघाल्यासारखे टेकत टेकत जायचे, आणि पाद्री दिसला की लंगडायला लागायचे. पाद्री गेला की काठी सुलटी आणि दणका! एकदा लंगडायचा पाय चुकला आणि पकडले गेले. असो. मी फार बोलतो का? नाही ना? तुम्ही मान हलवलीत तरी बरं वाटतं. माणूस ऐकतोय हे कळायला लागतं.

आता बघा, ही. हे दोन पाय दिसतायत? बॅग जमिनीवर टेकवली की आपोआप बाहेर येतात, उचलली की आत. पट्टे दोन, दोन्ही खांद्यांवर, शाळेच्या दप्तरासारखे. स्वतःची बॅग स्वतः उचलून चालणाऱ्या माणसाची ही बॅग. किंवा — नीट ऐका — किंवा दुसऱ्याची बॅग उचलणाऱ्याची. त्याची तर हीच. दुसऱ्यासाठी उचलताना वजन वेगळं लागतं, राव. स्वतःची असली की कुठेही टाकावी, कधीही टेकावं. दुसऱ्याची असली की ती कुठे थांबेल, कधी हात पुढे करेल, वारा कुठून आहे, ती आज नाश्ता नीट करून आली का — सगळं पट्ट्याला लटकलेलं असतं. 'ती' म्हणालो का? म्हणालो असेन. आमची ही — एल्स्पेथ. लग्न झालं तेव्हापासून मी तिचा कॅडी, बॅग कायम या खांद्यावर. हा खांदा बघा, हा दुसऱ्यापेक्षा खाली आलाय. शिंपी वैतागतो.

ही काचेतली, पांढरी-हिरवी, हिच्याकडे दोनदा बघितलंत तुम्ही. ही विकायची नाही. ही मी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवलीय. परवा शनिवारी बायकांच्या कपची फायनल आहे, एल्स्पेथ फायनलला आहे, आणि तिची बॅग — तिची जुनी बॅग आता राहिली नाही, ते सांगतो नंतर. तर बॅग लागणार. आणि बॅग काही आपल्या पायांनी चालत नाही, हे नुसते दाखवायचे पाय आहेत, म्हणजे उचलायला माणूस लागणार. या गावात उचलणारा माणूस कोण? मीच. तिनं अजून विचारलं नाही. विचारेल. काल रात्री मी जेवताना म्हटलं, शनिवारी वारा पूर्वेचा आहे म्हणतात. ती म्हणाली, मीठ दे. आज सकाळी मी बूट पॉलिश करून दारातच ठेवले, तिच्या बुटांच्या शेजारी. तिनं आपले उचलून दुसरीकडे ठेवले. पण शनिवारला अजून वेळ आहे. तिला दुसरं कोण मिळणार आहे!

गेल्या वर्षीचं तुमच्या कानावर आलंच असेल. नाही? मग माझ्याकडूनच ऐका, बाकीचे तिखटमीठ लावतात. फायनल होती. शेवटचा होल. चेंडू भोकापासून एवढ्यावर, हातभर, आंधळ्यानं फुंकर मारली तरी आत जावा. आणि हा खेळ शांततेचा, हे तुम्हाला मी सांगायला नको — समोरचा काठी उचलतो तेव्हा वैऱ्यानंसुद्धा श्वास रोखायचा. तो नियम मी जन्मात मोडला नाही. फटक्याच्या आधी बोलतो, फटक्यानंतर बोलतो, पण फटक्याच्या वेळी? दगड! तर एल्स्पेथ वाकली. सगळं गाव कुंपणाला लागून उभं, सगळे चिडीचूप. आणि एक सीगल आला, क्लबच्या छपरावर बसला, आणि चोच उघडली. मी त्याचं तोंड बघितलं हो — आता हा केकाटणार, बाईचा हात हलणार, कप जाणार. मग मी काय करायला हवं होतं? शांतता राखायला कोणीतरी पुढे व्हायला नको? मी म्हणालो, 'श्श्श!' एवढंच. जरा मोठ्यानं, कारण पक्षी लांब होता. सीगल गप्प बसला. अक्षर काढलं नाही त्यानं. चेंडू भोकाच्या काठावरून फिरून बाहेर आला. कप दुसरीनं नेला. आणि लोक मला बोलतात! सीगलला कोणी काही म्हणत नाही. मी नसतो तर तो ओरडलाच असता, हे कोणी लक्षातच घेत नाही. ती? तिनं समोरच्या बाईशी हात मिळवला, टोपी काढली आणि घरी येईपर्यंत एक शब्द नाही. मग सगळ्या वाटेनं मीच बोललो. कोणीतरी बोलायला हवं ना, असं गप्प गप्प चालणं बरं दिसतं का?

आणि मग हिवाळ्यात ती गाडी आली. बॅटरीची. ढकलायची नाही, ओढायची नाही — कंबरेला एक चिमटा लावायचा, एवढासा, आणि गाडी चिमट्याच्या मागे मागे. तुम्ही थांबलात की थांबते, तुम्ही चाललात की चालते. माझ्या दुकानातून नाही घेतली. मागवली बाहेरून. मी खोकं उघडून दिलं, चाकं बसवून दिली. म्हटलं, एल्स्पेथ, हिला चढावर धाप लागेल, हिला पावसात सर्दी होईल, ही तुला सांगणार आहे का कुठली काठी घे म्हणून? तर म्हणाली, 'ही बोलत नाही, मुंगो.' मी म्हटलं, आता नाही बोलत, पुढच्या वर्षीच्या गाड्या बोलतील, तेव्हा तरी थांबायचं होतंस. त्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं — मला अजून कळलं नाही त्या बघण्यात काय होतं. तुम्हाला कळलं? नुसतं सांगण्यावरून कसं कळणार म्हणा.

पूर्ण वसंत मी या खिडकीतून बघितलं. ती पुढे, गाडी मागे. ती थांबायची, वळायची, गाडीवरून हात फिरवायची. हसू नका, फिरवायची! माझ्या डोक्यावरून कधी हात फिरवला नाही, मला ताप आला होता तेव्हासुद्धा थर्मामीटर लांबून दिला होता. आणि खेळ? खेळ चांगला चाललाय म्हणतात. बरा असेल. सवयीनं होत असेल.

मग तो रविवार. आता हा सगळा अपघात आहे, आधीच सांगतो. सकाळी तो चिमटा टेबलावर होता, त्यावर ब्रेडचा चुरा पडला होता, मी म्हटलं पुसून ठेवावा — पुसला आणि खिशात राहिला. होतं असं. आणि दुसरा चिमटा असतोच गाडीबरोबर, जादाचा, तो तिनं लावला आणि गेली. मी इकडे दुकान बंद करून किनाऱ्यावर फिरायला गेलो. सहज. सराव कुठल्या होलला चाललाय मला काय माहीत? चौदाव्याला होती. ती वरून चाललेली, मधे वाळूचा उंचवटा, मी खालून. खिशात हात घातला तर चिमटा. त्याच्यावर बटण असतं. हात लागला असेल. आणि वर बघतो तर — गाडी थांबली. तोंड फिरवलं. माझ्याकडे! मी थोडा डावीकडे गेलो, तीही डावीकडे. मी उजवीकडे गेलो, तीही उजवीकडे. मी — म्हणजे एकदा खात्री करायला नको का — मी जरा जोरात चाललो, तर ती उंचवट्यावरून खडखडत खाली, बॅग, काठ्या, छत्री सगळं घेऊन, आली की हो माझ्याकडे! आणि तिच्यामागे एल्स्पेथ. धावत! केस उडालेले, एक हात वर, 'मुंगो, मुंगो' करत! राव, ती माझ्या नावानं ओरडत माझ्या दिशेनं धावत आलेली मी लग्नाच्या आधी एकदा बघितली होती, आगगाडी सुटत होती तेव्हा. माझे पाय थांबेचनात. मी मागे मागे जातोय, गाडी पुढे पुढे येतेय, ती धावतेय — मला वाटलं हे असंच चालू राहावं. मग पाणी कमरेला लागलं. मागे समुद्र आहे हे लक्षातच नव्हतं. गाडी थांबेना, चिमटा माझ्याजवळ! आत शिरली, दोनदा बुडबुडे आले आणि संपलं. शिंपले गोळा करणाऱ्या लोकांनी काठ्या काढून दिल्या, त्या आमच्या न्हाणीघरात वाळतायत. बॅग मिठानं गेली. एल्स्पेथ पाण्याच्या कडेला उभी राहिली. मी म्हटलं, बघ, मी सांगितलंच होतं, हिला पाणी चालत नाही. तर ती वळून निघून गेली.

म्हणून ही पांढरी-हिरवी बाजूला काढली. आता गाडी नाही. आता मीच, दुसरा इलाज नाही. शनिवारी सकाळी ती दारात उभी राहील आणि म्हणेल, चल. नुसतं 'चल' म्हटलं तरी मला पुरे. मी काही मानपान मागणारा नाही.

तुम्ही मोठे सबुरीचे, राव. या आठवड्यात कसली कसली गिऱ्हाइकं येतायत! सोमवारी चर्चमधला ऑर्गन वाजवणारा आला, बॅग हवी म्हणाला, त्या खोक्यावर बसला, मी आजोबांचं सांगायला लागलो तर लालेलाल होत होत उठला आणि ओरडला, 'देवासाठी तरी गप्प बसा!' आणि बॅग न घेता पळाला. बुधवारी पोस्टातला तो उंच पोरगा — तो डॉक्टरच्या टॅक्सीच्या गोष्टीपर्यंतच टिकला. 'नको मला काम' म्हणाला. काम कसलं? मी बॅगेबद्दल बोलत होतो! डोकं फिरलंय लोकांचं. तुमचं तसं नाही. तुम्ही आल्यापासून — एक मिनिट. तुम्ही आल्यापासून एक शब्दही बोलला नाहीत. नाही ना? दारातून आत आलात तेव्हा मी 'वारा आहे' म्हटलं, तुम्ही मान हलवलीत. हात दाखवा. दोन्ही. अहो, गोल्फवाल्याचा एक हात पांढरा असतो, हातमोजा असतो त्याच्यावर, ऊन लागत नाही. तुमचे दोन्ही सारखेच रापलेत. तुम्ही खेळतच नाही! मग मी मघापासून विचारतोय खेळता कसं, खेळता कसं, तर — मग बॅग कोणासाठी? काय दाखवताय? खिडकी? बाहेर?

बाहेर एल्स्पेथ उभी आहे.

रस्त्यापलीकडे. हाताची घडी घालून. इकडेच बघतेय. तिनं पाठवलं तुम्हाला? हो. आणि — बोलायचं नाही असं तिनं सांगितलं? हो. बॅग घेऊन बाहेर येईपर्यंत एक शब्द काढायचा नाही, जो माझ्यासमोर गप्प बसेल तो शनिवारी तिची बॅग — हो. म्हणजे ऑर्गनवाला तिनंच — पोस्टातला पोरगाही — हो. हो. कळलं. मान हलवू नका आता इतकी, मला कळलं. मला काय कळत नाही? पास झालात की राव तुम्ही. मी स्वतः या दुकानात एवढा वेळ गप्प बसलो नसतो.

उठा. नाही, ती निळी हातात घेऊ नका, तुम्हाला सांगितलं ना, पट्टा रुततो. पांढरी-हिरवी घ्या. घ्या हो, काच मी उघडतो. वळा. खांदे सोडा, असे ताठ धरू नका, अठरा होल आहेत. हा पट्टा वर, हा छातीवर, आता वजन कंबरेवर आलं ना? आलं. माझ्यापेक्षा उंच आहात, दोन्ही खांदे सरळ आहेत, बरं आहे. आता ऐका. काठ्या टॉवेलनं कोरड्या पुसून द्यायच्या, ओली मूठ तिला चालत नाही. चेंडू झुडपात गेला तर तिच्या आधी जाऊन उभं राहायचं, पण बघायचं झुडपाकडे, तिच्याकडे नाही. खिशात शॉर्टब्रेडचं बिस्किट ठेवायचं, नवव्या होलनंतर द्यायचं, द्या म्हणून ती सांगत नाही. आणि बाराव्याला, समुद्रावरचा वारा असला ना, तर ती सात नंबरची काठी मागेल. सहाची द्या. मी दरवर्षी सांगतो सहाची घे, सहाची घे, वारा आहे, आणि ती सातचीच घेते, आणि — आणि चेंडू हिरवळीवर जातो. सातनंच जातो. दरवेळी गेलाय हो. पहिल्या वर्षापासून. तिला माहीतच होतं. मी इतकी वर्षं तिला जे सांगत होतो, ते तिला सगळं आधीच माहीत होतं.

सातचीच द्या. मागेल ती द्या.

जा आता. ती तिकडे थंडीत उभी आहे. दार जरा जड आहे, खांद्यानं ढकला. आणि हे बघा, तिला सांगा की मी —

नाही. काही नाही. जा.